आधी कुलूप, मग निरोप

…आणि सूनबाईने त्या विक्रीच्या साहेबांना तोंडावर सांगून टाकलं, "नाही साहेब, हे नाही मिळणार."

काल इथवर आलो होतो, तेवढ्यात तुमचा फोन वाजला आणि तुम्ही उठून गेलात. गोष्ट बिचारी एका पायावर उभी राहिली. आता बसा, तो फोन पालथा घाला, म्हणजे तिला दुसरा पाय टेकता येईल.

तर साहेबांचं मागणं काय होतं? कंपनीतल्या सगळ्यांचे पगार त्यांना आपल्या संगणकावर दिसायला हवे होते. म्हणाले, "अहो, मी साहेब आहे." सूनबाई म्हणाली, "तुम्ही विक्रीचे साहेब आहात. विक्रीतलं पान न् पान बघा. पगार बघायचा हक्क पगारवाल्यांचा." साहेब लाल झाले, वर तक्रार केली, आणि वरच्यांनीच त्यांना उलट विचारलं की तुम्हाला दुसऱ्यांच्या पगाराचं काय करायचंय? झालं. दुधाने तोंड पोळलेले साहेब पुढे ताकसुद्धा तिला विचारून प्यायचे.

हे सांगतो ते तिचं काम कळावं म्हणून. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी आहे. खरेदी, विक्री, पगार, स्टोअरमधला माल, सगळं एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या तळाशी डेटाबेस, म्हणजे माहितीचं कोठार म्हणा. त्या कोठारात शिरायला प्रत्येकाचं आपापलं खातं आणि पासवर्ड. कोणी नुसतं बघायचं, कोणी लिहायचं, कोणी लिहिलेलं बदलायचं आणि कोणी पुसायचं, हे ठरवून देणारी आमची सूनबाई. आमच्या शाळेत एक कपाट होतं. त्यातले खडू काढायचा हक्क मॉनिटरला, नकाशा काढायचा हक्क मोठ्या वर्गाला, आणि छडी काढायचा हक्क फक्त मास्तरांना. मी हे तिला सांगितलं तर हसून म्हणाली, "बाबा, आमच्या कॉलेजात हेच शिकवायला त्यांनी अख्खं वर्ष घेतलं."

ऑफिसात तिला "किल्लीवाली" म्हणतात. आणि घरची किल्ली? ती आठवड्यातून दोनदा विसरते आणि दारात उभी राहून बेल वाजवते. आमची ही आतूनच ओरडते, "कोण आहे? पासवर्ड सांगा!" नातही आईच्याच वळणावर गेली आहे. परवा आईला म्हणाली, "मला तुझ्या फोनचा अ‍ॅक्सेस दे ना." आई म्हणाली, "फक्त बघायचा."

तिचे दोन नियम. पहिला, ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. "जास्तीचा हक्क वाटेत पडलेल्या दोरीसारखा असतो, बाबा. कोणाच्या पायात येईल सांगता येत नाही." आणि दुसरा, माणूस कंपनी सोडून गेला की त्याचं खातं लगेच बंद. एचआरकडून तिकीट येतं. तिकीट म्हणजे बसचं नव्हे हो, मीही आधी तेच समजलो होतो. संगणकावर आलेल्या कामाला ते तिकीट म्हणतात. अमक्याचं खातं अमक्या वेळेला बंद करा, असं त्यात लिहिलेलं असतं. रागावून गेलेला माणूस जाता जाता काहीतरी पुसून टाकेल, ही भीती. म्हणून तिकीट आलं की सूनबाईने हातातला घास खाली ठेवलाच. या बाबतीत तिचा लौकिक होता. तिकीट आलं आणि कुलूप लागलं नाही असं कधी झालं नाही.

त्या लौकिकाचा तिला अभिमान होता. होता म्हणतो मी. आता त्याचं नाव काढलं तर ती उठून आत जाते.

त्याचं कारण स्टोअरकाका.

हे कंपनीचे स्टोअरकीपर. सगळे त्यांना स्टोअरकाका म्हणायचे. सूनबाई नवी नोकरीला लागली तेव्हा तिला पहिलं काम दिलं ते प्रत्येक विभागात जाऊन विचारायचं, की इथे कोण काय करतो, कोणाला काय बघावं लागतं. लोकांना वाटलं, ही बाई हेरगिरी करायला आली. खरेदीवाल्यांनी उभं ठेवून बोळवण केली. हिशेबवाल्यांनी "उद्या या" सांगितलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. फक्त स्टोअरकाकांनी एक स्टूल ओढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि म्हणाले, "बस पोरी. तुझ्या चपला आधी बघितल्या मी. आमच्या लोखंडाच्या किसात या टिकायच्या नाहीत. उद्या बूट घालून ये, मग फिरवतो."

आणि फिरवलं. फळीफळीने फिरवलं. माल आला की कोण मोजतो, मोजलेलं कोण तपासतो, बाहेर जाताना कोणाची सही लागते, सगळं. "जो मोजतो त्यानेच तपासायचं नाही, पोरी. माणूस स्वतःची चूक स्वतःला कधी दाखवत नाही." हे वाक्य ती घरी येऊन जेवताना म्हणाली होती. स्टोअरमधल्या हक्कांची सगळी मांडणी तिने त्यांच्या सांगण्यावरून केली. अंधारात हात घातला तरी हवा तो नट हातात येईल असे ते गृहस्थ, पण कपाळावर सरकवलेला चष्मा दिवसभर शोधायचे. तिच्याकडे फोन करून विचारायचे, "पोरी, तुझ्या त्या डेटाबेसमध्ये माझा चष्मा कुठे ठेवलाय ते बघ गं जरा."

तिचे वडील ती लहान असताना गेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. "पोरी" म्हणणारं माणूस तिला बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. मी सूनबाई म्हणतो, पण सूनबाई वेगळं आणि पोरी वेगळं. ते माझ्या तोंडात बसायचं नाही.

पुढे स्टोअरमध्ये स्टिकरचं मशीन आलं. पंप खोक्यात भरला की खोक्यावर पत्ता आणि नंबर छापलेला स्टिकर लागतो. तो स्टिकर छापणारा एक प्रोग्राम असतो. तो दर थोड्या वेळाने डेटाबेसमध्ये डोकावतो, नवीन काय पाठवायचंय ते वाचतो आणि छापतो. आता डोकवायचं म्हणजे त्यालाही खातं हवं. खरं तर यंत्राला त्याचं स्वतःचं वेगळं खातं द्यायचं असतं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. पण ज्या दिवशी मशीन बसवलं त्या दिवशी वरच्या साहेबांची मंजुरी आली नव्हती, मशीन बसवणारा माणूस परत जायला निघालेला, आणि बाहेर गाडी भरायला उभी. सूनबाई पंचाईतीत. स्टोअरकाका म्हणाले, "माझं खातं घाल की त्यात. मी कुठे पळून जातोय?"

ती म्हणाली, "काका, तात्पुरतं हं. मंजुरी आली की बदलते."

"तात्पुरतं तर तात्पुरतं." त्यांनी एका बोटाने आपला पासवर्ड टाकला. ती नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काका म्हणाले, "बघितलास तरी चालेल, त्यात माझ्या बायकोचं नाव आहे. पण तिला सांगू नकोस, उगाच भाव खाईल."

मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य फार मोठं असतं. आमच्या दाराला मी एकदा तात्पुरता सुतळीचा फास लावला होता, त्याला धरून नात चालायला शिकली.

मंजुरी पुढे आली, पण बदलायचं राहून गेलं. चालतंय ना, मग चालू दे.

काही वर्षांनी कंपनीने ठरवलं की या गावातलं स्टोअर लहान करायचं, मोठं स्टोअर दुसरीकडे. माणसं कमी करायची. स्टोअरकाकांचं नाव त्यात. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, पण यादी करणाऱ्यांना तो काळ दिसत नाही. मोठ्या साहेबांनी त्यांना सकाळी केबिनमध्ये बोलवून सांगायचं आणि त्याच वेळी खातं बंद करायचं, असं ठरलं. तिकीट सूनबाईकडे आलं.

ती सांगते, नाव वाचलं आणि हात थांबला. पण मनाशी म्हणाली, त्यांना सांगितलंच असेल. सांगितल्याशिवाय कोण असं करेल? उठून दोन जिने उतरून स्टोअरमध्ये जावं, एवढंच अंतर. पण तिकिटावर वेळ लिहिली होती, आणि विचारायला जाणं हे तिचं काम नव्हतं. तिने खातं बंद केलं.

आणि साहेबांनी काय केलं होतं? साहेबांना धीर झाला नव्हता. एवढ्या जुन्या माणसाला सकाळी सकाळी कसं सांगायचं, जेवण झाल्यावर सांगू, म्हणून ते दुसऱ्या बैठकीत जाऊन बसले. वाईट बातमी सांगायला जाताना माणसांचे पाय जड होतात. मशीनला पायच नाहीत.

थोड्या वेळाने तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"पोरी, माझं लॉगिन रुसलंय बघ."

ती सांगते, फोन कानाला लावला आणि तिला कळलं की यांना कोणी काही सांगितलेलं नाही. आपण सांगावं तर नियम नाही. कामावरून काढल्याची बातमी एचआरने किंवा साहेबांनीच द्यायची. खोटं बोलावं तर जीभ वळत नाही. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"बघते."

"बघ बघ. घाई नाही. तशी गाडी दारात उभी आहे," काका म्हणाले. मग फोन ठेवायच्या आधी जरासे थांबले. "काही मोठं नाही ना गं?"

ती पुन्हा म्हणाली, "बघते, काका."

आता पुढचं ऐका, कारण असं फक्त याच धंद्यात होऊ शकतं. काकांचं खातं बंद झालं म्हणजे स्टिकरच्या मशीनचंही बंद झालं, कारण ते काकांच्याच नावाने कोठारात शिरत होतं. स्टिकर थांबले. खोक्यांवर खोकी चढली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पॅकिंगची माणसं कमरेवर हात ठेवून उभी. माल पाठवणाऱ्या साहेबांनी वरपर्यंत बोंब ठोकली. सूनबाईच्या लक्षात यायला क्षण लागला नाही. इतकी वर्षं राहून गेलेलं ते तात्पुरतं काम तिच्यासमोर उभं राहिलं.

मोठ्या साहेबांचा फोन आला. "ते खातं उघडा. ताबडतोब."

ती म्हणाली, "साहेब, स्टोअरकाकांना सांगितलंय का?"

"आधी गाडी जाऊ द्या हो! मग सांगतो."

"पण खातं उघडलं की त्यांचंही लॉगिन चालू होईल. त्यांना वाटेल..."

"मॅडम, गाडी."

तिने उघडलं. माणूस नको होता, त्याचं खातं हवं होतं. बघा आता, अशी वेळ देवाने वैऱ्यावरही आणू नये. स्टिकर भराभर सुटले. गाडी गेली. आणि खाली काकांच्या संगणकावर त्यांचं पान नेहमीसारखं उघडलं.

ते जिना चढून वर आले. ते कधी वर यायचे नाहीत, गुडघे दुखायचे. हातात बिस्किटांचा पुडा. तिच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची पोर आहे म्हणून चाललंय सगळं. नाहीतर तुम्ही लोक आम्हाला खाली विसरूनच जाल." मग तिच्याकडे वाकून हळूच, "बरं वाटलं गं पोरी."

ती बिस्किटाचा पुडा धरून बसली. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "फोडा की मॅडम." तिने फोडला नाही.

जेवणानंतर त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

बाहेर आले तेव्हा चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता. तिच्या टेबलापाशी आले, थांबले. ती उभी राहिली. काका म्हणाले, "येतो, मॅडम." आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी ती घरी आली, तेव्हा किल्ली विसरली नव्हती. स्वतःच कुलूप उघडून आत आली आणि स्वयंपाकघरात बिस्किटांचा पुडा ठेवला. आमची ही म्हणाली, "अगं बाई, आज काय विशेष?" तिने सगळं सांगितलं. 

पुढे? पुढे कंपनी चालू, मशीन चालू, काकांचं खातंही चालू. बाकी सगळी दारं तिने बंद केली होती, फक्त स्टिकरची खिडकी उघडी. यंत्राला वेगळं खातं द्यायला एक दुपार पुरली असती. साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नका." इतर वेळी साहेबांशी वाद घालणारी ही, या वेळी मुकाट ऐकून आली. मी एकदा विचारलं, "का गं? तुझ्या नियमात बसतं का हे?" म्हणाली, "नाही बसत." आणि ताटातला भात चिवडत राहिली. मी काही मोठा शहाणा नाही, पण एवढं कळलं, की ते खातं बंद करायला तिचा हात दुसऱ्यांदा उचलत नव्हता.

बाकी मात्र ती बदलली. तिकीट आलं की आता आधी फोन उचलते. "त्यांना सांगितलंय का? कोणी सांगितलं? समोर बसवून?" उत्तर मिळेपर्यंत हात लावत नाही. एकदा त्यापायी उशीर झाला आणि वरून बोलणी बसली. जिचा लौकिक वेळेचा, तिला उशिरासाठी बोलणी. तिने ती खाल्ली आणि घरी येऊन म्हणाली, "चांगली लागली आज भाजी." आमची ही मला डोळ्याने विचारते, हिला झालंय काय? कारण भाजीत मीठ नव्हतं.

काकांना भेटायला जायचं मात्र दर रविवारी ठरायचं आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. कधी नातीचा अभ्यास, कधी आमच्या हिचं डोकं. आमचा मुलगा म्हणायचा, "मी गाडी काढतो, चल." ती म्हणायची, "पुढच्या रविवारी." माणसाला जायचं नसलं की पुढचे रविवार फार मिळतात.

अशात कंपनीत ऑडिटर आले. म्हणजे तपासनीस. आमच्या शाळेतही यायचे, आदल्या दिवशी मास्तर आम्हाला भिंती पुसायला लावायचे आणि कधी न हसणारे मास्तर दिवसभर हसायचे. या ऑडिटरांनी कोण किती वेळा कोठारात शिरतं ते काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे गृहस्थ कोण? रजा नाही, सुट्टी नाही, जेवायला उठत नाहीत. असा माणूस आमच्या ऑफिसला द्या की!"

कोणीतरी म्हणालं, "ते गेले."

ऑडिटरांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे. कधी?"

"गेले म्हणजे घरी गेले हो. त्यांना जाऊन वर्षं झाली."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. सूनबाई हसली नाही. हुकूम निघाला, महिनाअखेरीपर्यंत मशीनला स्वतःचं खातं द्या आणि हे बंद करा.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, रविवारी काकांकडे याल का माझ्याबरोबर?"

"मी कशाला? मला ते ओळखतही नाहीत."

"तुम्ही बोलत राहाल."

आतून आमची ही म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत त्या तोंडाचा पहिल्यांदा उपयोग झाला."

गेलो. बसने गेलो, मुलाला नको म्हणाली. दार काकूंनी उघडलं, म्हणजे काकांच्या बायकोने. दोन खोल्या, पण काय सांगू, स्टोअरच हो ते! प्रत्येक डब्याला जागा, जागेला नंबर, खिळे लहान-मोठे वेगळे, दोऱ्यांची रिळं रंगावार. मी म्हटलं, "वहिनी, घर आहे की काय आहे!" काकू म्हणाल्या, "काय विचारता भाऊ. मला चहापत्ती हवी असली तर यांच्याकडे मागणी नोंदवावी लागते. मागच्या आठवड्यात साखर संपली तर म्हणे, शिल्लक शून्य कशी झाली, चौकशी करू."

मी हसलो, काकाही हसले. चष्मा कपाळावर होता. सूनबाईकडे बघून म्हणाले, "बसा, मॅडम."

बघा. बसा. मॅडम. तिने ओठ आत घेतले ते मी पाहिलं.

मी माझं काम केलं. कपाटाची गोष्ट, छडीची गोष्ट, सुतळीची गोष्ट, सगळ्या सांगितल्या. काकांना त्या आवडल्या, एकदोन त्यांनीही सांगितल्या. चहा आला. मग माझ्या बोलण्यात जरा फट पडली तशी सूनबाई म्हणाली, "काका, तुमचं खातं अजून चालू आहे."

तिने सगळं सांगितलं. स्टिकरचं मशीन, ऑडिटर, महिनाअखेर. काका कौतुकाने ऐकत होते. "म्हणजे मी अजून कामावर आहे म्हणा की! ऐकलंस का गं? उगाच मला रिकामटेकडा म्हणतेस." काकू म्हणाल्या, "मग घरी बसून कसे चहा मागता?"

सूनबाई म्हणाली, "आता बंद करायचं आहे. म्हटलं, या वेळी आधी तुम्हाला सांगावं."

काकांनी कप खाली ठेवला. तो बशीवर फिरवला.

"मॅडम, एक सांगू? त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला ना, तो लॉगिनसाठी नव्हता. माझ्याआधी स्टोअरातले दोघे गेले. दोघांचं असंच झालं, आधी लॉगिन गेलं, मग माणूस. मला कळलं होतं. म्हटलं, कळलंच आहे तर कोणा परक्याच्या तोंडून कशाला ऐकायचं? तुमच्या तोंडून ऐकावं. म्हणून फोन केला."

सूनबाईने मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालात, बघते. म्हटलं, असेल काही अडचण पोरीची." तेवढा एकदा तो शब्द आला, पण तो त्या दिवसातल्या पोरीबद्दल होता, समोर बसलेल्या हिच्याबद्दल नव्हता. "आणि मग ते उघडलं. मला इतकी लाज वाटली माझी! म्हटलं, उगाच संशय घेतला तिच्यावर, काही नव्हतंच. मुद्दाम बाहेर जाऊन बिस्किटं आणली. वर येऊन सांगायचं होतं तुम्हाला, की माफ कर. पण सगळ्यांसमोर जमलं नाही."

ती म्हणाली, "काका, चुकलं माझं. त्या दिवशी खाली यायला हवं होतं मी."

काकू पदराशी चाळा करत बसल्या. मी, मी हो, मला एकही गोष्ट आठवेना. खोलीतल्या सगळ्या डब्यांचे नंबर वाचून काढले.

काका म्हणाले, "चहा गार होतोय, मॅडम."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर तरी देता येतं. पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले. तिने चहा प्यायला. निघताना दारात म्हणाली, "बंद करायच्या आधी फोन करेन. चालेल?"

"करा," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी म्हटलं, "मोकळं झालं ना तरी?" तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पुढच्या बाकावर एक बाप आपल्या लेकीला फोनचं कुलूप उघडायला शिकवत होता. सूनबाई सगळा वेळ तिकडे बघत होती.

मग महिना संपता संपता तिने मशीनला त्याचं स्वतःचं खातं दिलं. दुपारभराचं काम, म्हटलं होतं तसंच. सगळे स्टिकर नीट सुटतात हे बघितलं. आणि काकांना फोन करून त्यांचं खातं बंद केलं.

त्या संध्याकाळी मी दारातच वाट बघत होतो. चपला काढायच्या आतच विचारलं, "केलास फोन?" म्हणाली, "केला." म्हटलं, "मग? पोरी म्हणाले का?"

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नाही बाबा. ‘बरं मॅडम, करा बंद,’ म्हणाले. मी बंद केलं आणि सांगितलं, काका, झालं. ते काही बोलले नाहीत. पण फोन लगेच ठेवला नाही त्यांनी. मग मीही नाही ठेवला."